महिन्यातून एकदा जादा चार्ज

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या 'गॅटो' वर्गातल्या पाणबुडीच्या पोटात शिशाच्या बॅटरीचे २५२ सेल असत. निम्मे पुढच्या भागात, निम्मे मागच्या. एकेका सेलचं वजन सुमारे ७५० किलो. पाणबुडीनं बुडी मारली की डिझेल इंजिनं बंद होत आणि मग पंख्यापासून प्रोपेलरपर्यंत सगळी मदार या सेलांवर. रात्री पाण्याच्या पृष्ठभागावर यायचं, इंजिनं चालवून बॅटरी भरायची आणि दिवसभर पाण्याखाली ती पुरवून वापरायची, असा क्रम असे. मात्र साधारण महिन्यातून एकदा बॅटरी पूर्ण भरल्यानंतरही चार्जिंग थांबवलं जात नसे. कमी प्रवाह तासन्‌तास चालू ठेवत. सगळ्या सेलमधून बुडबुडे येत असत, हवा खेळती ठेवणारे पंखे अखंड फिरत असत आणि इलेक्ट्रिशियन एकामागून एक सेलमधल्या आम्लाची घनता मोजून वहीत लिहीत असत. सगळ्यांत मागे पडलेला सेल इतरांच्या बरोबरीला आला आणि आकडे वाढायचे थांबले, की मगच स्विच बंद होई.

या जादा चार्जला बॅटरीच्या धंद्यात 'इक्वलायझिंग चार्ज' म्हणतात. शिशाची बॅटरी बाजारात आली, त्याला आता एकशेचाळीस वर्षं उलटून गेली. या काळात बॅटरीचे कारखाने बदलले, पेट्या बदलल्या, धातूंची मिश्रणं बदलली. पण ज्या बॅटरीला रोज खोलवर रिकामं व्हावं लागतं आणि पुन्हा भरावं लागतं, तिला टिकवण्याची ही रीत फारशी बदललेली नाही. बदलली ती ही रीत जाणणाऱ्या माणसांची संख्या.

गोष्टीची सुरुवात पॅरिसमध्ये होते. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ मध्ये शिशाचे दोन पत्रे घेतले, मध्ये रबराच्या पट्ट्या ठेवून त्यांची गुंडाळी केली आणि ती सौम्य गंधकाम्लात बुडवली. पुढच्याच वर्षी त्यानं अशा नऊ सेलची बॅटरी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडली. विजेचा प्रवाह दिला की वीज साठते आणि उलट दिशेनं ती परत मिळते, हे त्यानं दाखवून दिलं. अडचण एकच होती. कोरे पत्रे जवळजवळ काहीच साठवत नसत. त्यांना पुन्हा पुन्हा भरावं लागे, रिकामं करावं लागे, प्रवाहाची दिशा उलटवावी लागे. असं महिनोन्‌महिने केलं की पत्र्यांचा पृष्ठभाग सच्छिद्र होई आणि त्यांची साठवणक्षमता वाढे. त्या काळी व्यवहारात वापरता येईल असा डायनॅमो नव्हता, त्यामुळे हे सगळं बुनसेन सेलच्या विजेवर चाले. शिशाच्या बॅटरीची पहिली शिकवणच सबुरीची होती.

१८८१ मध्ये कामिय फोर यानं हा वेळ वाचवला. त्यानं शिशाच्या ऑक्साइडचा लेप करून तो पत्र्यांवर थापला. आता पत्रे महिनोन्‌महिने 'घडवावे' लागत नव्हते. फोरच्या बॅटरीची एक भरलेली पेटी त्याच वर्षी पॅरिसहून ग्लासगोला सर विल्यम टॉमसन यांच्याकडे, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन या नावानं ओळखल्या गेलेल्या शास्त्रज्ञाकडे, पोहोचली. सुमारे दहा लाख फूट-पाउंड ऊर्जा एका पेटीत बंद होऊन देशांतर करते, याचं त्या काळच्या वृत्तपत्रांना मोठं अप्रूप वाटलं. लेप गळून पडू नये म्हणून इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान यांनी पत्र्याऐवजी शिशाची जाळी वापरली. सेलन यांनी त्या जाळीत अँटिमनी मिसळून ती कडक केली. हेही १८८१ च्याच सुमाराचं. आजच्या बॅटरीचा सांगाडा तेव्हा तयार झाला आणि तिचं दुखणंही तेव्हाच जन्माला आलं.

ते दुखणं समजून घ्यायला आत काय घडतं ते पाहावं लागतं. १८८२ च्या सुमारास ग्लॅडस्टन आणि ट्राइब या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी हा उलगडा केला. बॅटरी वापरली जाते तेव्हा दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर शिशाचं सल्फेट तयार होतं आणि आम्ल पातळ होत जातं. चार्जिंग करताना सल्फेट विरघळून पुन्हा मूळ पदार्थ तयार होतात आणि आम्ल दाट होतं. म्हणूनच हायड्रोमीटरनं आम्लाची घनता मोजली, की सेल किती भरला आहे ते कळतं. बॅटरीच्या दुकानात याला नुसतं 'ग्रॅव्हिटी' म्हणतात आणि १.२४० हा आकडा 'बाराशे चाळीस' असा उच्चारतात.

नुकतं तयार झालेलं सल्फेट बारीक असतं आणि सहज परत फिरतं. बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली, तर तेच सल्फेट मोठ्या, कठीण स्फटिकांत बदलतं. मग नेहमीच्या चार्जिंगला ते दाद देत नाही. त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडत असते. चार्जिंगमध्ये प्लेटांतून बाहेर पडणारं दाट आम्ल जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसतं आणि वर पातळ आम्ल राहतं. प्लेटचा खालचा भाग दाट आम्लात आणि वरचा पातळ आम्लात, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली की प्लेट खालच्या बाजूनं खराब होऊ लागते.

त्यात सगळे सेल सारखे नसतात. एका कारखान्यात, एका दिवशी बनलेल्या सेलांतही थोडा फरक असतोच. कोपऱ्यातला सेल थंड राहतो, मधला तापतो. एखाद्यात अशुद्ध पाणी पडलेलं असतं, एखादा स्वतःहून जास्त झिरपतो. सेल एकामागून एक जोडलेले असल्यामुळे सगळ्यांतून प्रवाह मात्र सारखाच जातो. चार्जर एकूण व्होल्टेज पाहून थांबतो, तेव्हा जोमदार सेल भरलेले असतात आणि दुबळा थोडा रिकामा राहिलेला असतो. दुसऱ्या दिवशी तो आणखी थोडा मागे पडतो. नांगराला जुंपलेल्या चार बैलांपैकी एक थकला तर बाकीचे त्याला ओढत नेतात, तसं इथेही होतं: बॅटरी पार उतरेपर्यंत वापरली तर रिकाम्या झालेल्या सेलमधून बाकीचे सेल प्रवाह ढकलत राहतात आणि त्याचे ध्रुव उलटे होतात. असा सेल सहसा सावरत नाही.

इक्वलायझिंग चार्ज या सगळ्यावरचा एकत्रित उपाय आहे. बॅटरी भरल्यावरही कमी प्रवाह चालू ठेवला की भरलेल्या सेलमध्ये जास्तीची वीज पाण्याचं विघटन करते आणि हायड्रोजन व ऑक्सिजनचे बुडबुडे निघतात. या बुडबुड्यांनी तळाचं दाट आम्ल वरच्या पातळ आम्लात मिसळतं. त्याच वेळी मागे राहिलेल्या सेलमध्ये तीच वीज उरलेलं सल्फेट परत फिरवण्याच्या कामी येते. म्हणजे जो भरला आहे त्याचं थोडं पाणी जातं आणि जो मागे आहे तो भरतो. नुकसान पाण्याचं, आणि ते डिस्टिल्ड वॉटर टाकून भरून काढता येतं.

ही विद्या आधी वीजकेंद्रांतल्या आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या गॅरेजांतल्या कारागिरांपुरती होती. ती सामान्य घरांत नेली ती अमेरिकेतल्या शेतावरच्या दिव्यांनी. चार्ल्स केटरिंग या ओहायोतल्या अभियंत्यानं 'डेल्को-लाइट' हा संच १९१६ मध्ये बाजारात आणला. छोटं इंजिन, त्याला जोडलेला जनरेटर आणि काचेच्या बरण्यांतले १६ सेल मिळून ३२ व्होल्ट, असा तो संच होता. पुढे जेकब्स बंधूंच्या पवनचक्क्यांनीही अशाच बॅटऱ्या भरायला सुरुवात केली. १९३० च्या दशकाच्या मध्यातही अमेरिकेतल्या दहापैकी सुमारे नऊ शेतांवर वीजकंपनीची तार पोहोचलेली नव्हती, हे लक्षात घेतलं की या संचांचं महत्त्व कळतं.

या घरांत बॅटरीची निगा हे घरकामच झालं. बरण्या काचेच्या असल्यामुळे आतलं सगळं दिसे: आम्लाची पातळी, प्लेटांचा रंग, तळाशी साचलेला गाळ, बुडबुडे. ठरावीक मुदतीनं सेल भरल्यावरही इंजिन आणखी चालवा आणि सगळे सेल सारखे बुडबुडे सोडताहेत ना ते पाहा, अशी शिकवण या संचांच्या मालकांना मिळत असे. शेतकऱ्याला सल्फेटचं रसायन माहीत असायची गरज नव्हती. कुठला सेल मागे आहे हे त्याला डोळ्यांनी दिसत होतं. १९३६ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा झाला, तारा शेतांपर्यंत पोहोचल्या आणि एका पिढीत हे घरगुती कौशल्य त्या देशातून जवळजवळ नाहीसं झालं.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ते टिकलं. एक्स्चेंजची बॅटरी ४८ व्होल्टची, म्हणजे २४ सेलची. तिला रोज रिकामं व्हावं लागत नाही. वीज गेली तरच ती कामाला येते. म्हणून तिला कायम हलक्या व्होल्टेजवर ठेवतात, याला 'फ्लोट' म्हणतात. मात्र जाळीतली अँटिमनी हळूहळू निगेटिव्ह प्लेटवर जाऊन बसते आणि सेल आपणहून उतरू लागतात. म्हणून फ्लोटवरच्या बॅटरीलाही अधूनमधून जादा व्होल्टेज देऊन सगळे सेल सारखे करावे लागत. एक 'पायलट सेल' निवडायचा, त्याची वारंवार नोंद घ्यायची आणि ठरावीक काळानं सगळ्याच सेलांची ग्रॅव्हिटी मोजायची, ही शिस्त तिथे रुळली. बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमधल्या हेअरिंग आणि थॉमस यांनी १९३५ मध्ये अँटिमनीऐवजी कॅल्शियम मिसळलेल्या जाळीचा मार्ग दाखवला. त्यामुळे पाणी कमी लागू लागलं आणि जादा चार्जची गरजही घटली. मात्र रोज खोलवर रिकाम्या होणाऱ्या बॅटरीला अँटिमनी मानवते, म्हणून तिथे ती राहिली आणि इक्वलायझिंग चार्जही राहिला.

जादा चार्जमध्ये धोका आहे आणि तो जाणणाऱ्यांनी कधी लपवला नाही. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की एका ठिणगीनं स्फोट होऊ शकतो. ऑगस्ट १९४९ मध्ये 'कोचिनो' ही अमेरिकी पाणबुडी नॉर्वेच्या उत्तरेला वादळात सापडली. आत पाणी शिरलं, बॅटरीच्या कप्प्यात हायड्रोजनचे स्फोट आणि आग सुरू झाली आणि पाणबुडी बुडाली. 'टस्क' या दुसऱ्या पाणबुडीनं तिच्या जवळपास सगळ्या खलाशांना वाचवलं, पण या दुर्घटनेत सात माणसं गेली. त्यांतले सहा जण टस्कवरचे होते. फेब्रुवारी २०१० मध्ये विशाखापट्टणमला 'आयएनएस सिंधुरक्षक'वर बॅटरीतून गळलेल्या हायड्रोजनमुळे आग लागली आणि एका नौसैनिकाचा मृत्यू झाला. बॅटरीच्या खोलीत हवा खेळती ठेवा, जवळ ठिणगी नको, हे नियम माणसांचे जीव गेल्यावर अधिक कडक झालेले आहेत.

ज्या कामाला वेळ आणि लक्ष लागतं, त्याला पर्याय म्हणून कुणी ना कुणी जादूची पूड घेऊन येतोच. १९४० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचे जेस रिची यांनी 'एडी-एक्स२' नावाची पूड विकायला सुरुवात केली. बॅटरीत टाकली की सल्फेटनं मरायला टेकलेले सेल पुन्हा जिवंत होतात, असा त्यांचा दावा होता. पुडीत मुख्यत्वे सोडियम आणि मॅग्नेशियमची सल्फेटं होती. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सनं अशा पुड्यांची तपासणी अनेक वर्षं केलेली होती. 'स्टोरेज बॅटरीज' हा १९२४ चा प्रमाण ग्रंथ लिहिणारे जॉर्ज व्हायनल याच संस्थेतले. संस्थेचा निष्कर्ष होता की पुडीचा उपयोग नाही.

मामला राजकारणात गेला. मार्च १९५३ मध्ये नव्या सरकारचे वाणिज्यमंत्री सिंक्लेअर वीक्स यांनी संस्थेचे संचालक ॲलन ॲस्टिन यांचा राजीनामा मागितला. देशभरच्या शास्त्रज्ञांत संताप उसळला आणि संस्थेतल्या अनेकांनी आपणही सोडून जाऊ असं बजावलं. शेवटी सरकारला माघार घ्यावी लागली. ॲस्टिन पदावर राहिले आणि नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीनं त्याच वर्षी ब्युरोचं काम बिनचूक असल्याचा निर्वाळा दिला. बॅटरीच्या निगेवरून एखाद्या देशाच्या विज्ञानसंस्थेच्या स्वातंत्र्याचा प्रश्न उभा राहिल्याचं दुसरं असं उदाहरण क्वचितच सापडेल. सावकाश, कमी प्रवाहानं, दीर्घकाळ दिलेला चार्ज पुडीशिवायही बरंचसं सल्फेट परत फिरवतो, हे साधं सत्य त्या गदारोळात मागे पडलं होतं.

भारतात ही विद्या रुजवण्यात रेल्वेचा मोठा वाटा आहे. लंडनच्या जे. स्टोन कंपनीनं १८९० च्या दशकात डब्याच्या आसाला पट्ट्यानं जोडलेला डायनॅमो आणि डब्याखाली बॅटरी अशी रचना काढली. गाडी धावताना बॅटरी भरायची, स्टेशनात थांबली की दिवे बॅटरीवर. हीच पद्धत भारतीय रेल्वेत पसरली. 'ट्रेन लाइटिंग' हा स्वतंत्र विभागच झाला आणि यार्डात उभ्या डब्याखाली वाकून सेलची ग्रॅव्हिटी घेणारा कर्मचारी प्रत्येक मोठ्या स्थानकाच्या मागे दिसू लागला. वातानुकूलित डब्याखाली ५६ सेलांच्या जड बॅटऱ्या आल्या. डबा दुरुस्तीला आला की बॅटरी काढायची, सेल धुवायचे, पाणी टाकायचं, सावकाश भरायची आणि एकही सेल मागे नाही ना ते पाहून परत बसवायची, हे काम कर्मचाऱ्यांच्या पिढ्यांनी केलं.

बॅटरीचे कारखानेही आले. क्लोराइड समूहाची भारतीय कंपनी १९४७ मध्ये नोंदली गेली आणि पश्चिम बंगालमध्ये शामनगरला तिनं कारखाना काढला. याच कंपनीचा पुण्याजवळचा चिंचवडचा कारखाना १९६९ चा. आज ती एक्साइड इंडस्ट्रीज या नावानं ओळखली जाते. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली 'आयएनएस शल्की' १९९२ मध्ये नौदलात आली आणि तिथेच बांधलेली नवी 'आयएनएस कलवरी' डिसेंबर २०१७ मध्ये. कलवरीत शिशाचेच ३६० सेल आहेत आणि एकेकाचं वजन ७५० किलो. गॅटोच्या काळापासून पाऊणशे वर्षं लोटली, तरी पाण्याखालच्या या कामासाठी सेलचं वजन जिथल्या तिथे आहे.

घराघरांत शिशाची बॅटरी आणली ती मात्र लोडशेडिंगनं. २००० च्या दशकात महाराष्ट्रातल्या गावांत आणि लहान शहरांत रोज कित्येक तास वीज जाई. दुकानं, दवाखाने, घरं, सगळीकडे इन्व्हर्टर आणि त्याखाली ट्यूब्युलर बॅटरी आली. या बॅटरीची रचनाही जुनीच: पॉझिटिव्ह प्लेटचा पदार्थ नळ्यांत भरायची युक्ती अमेरिकेत 'आयर्नक्लॅड' या नावानं १९१० पासून विजेच्या ट्रकसाठी वापरात होती. रोजच्या खोल वापराला ती उत्तम. पण पाणबुडीवरचा इलेक्ट्रिशियन, यार्डातला कर्मचारी किंवा ओहायोतला शेतकरी जे करत होता, ते करणारं घरी कुणी नव्हतं. वीज थोडा वेळ यायची, बॅटरी अर्धवट भरायची आणि पुन्हा रिकामी व्हायची. सल्फेट कठीण व्हायला याहून अनुकूल परिस्थिती नाही. त्यात कुणी नळाचं पाणी टाकलं की क्षार आणि लोह आत गेलं. दोन-तीन वर्षांत 'सेल गेला' म्हणून बॅटरी भंगारात जाई आणि सहा सेलांपैकी पाच चांगले असले तरी पेटी एकच असल्यामुळे ते पाचही जात.

दरम्यान सीलबंद बॅटऱ्या आल्या. जर्मनीत सोननशाइन कंपनीत ऑटो याखे यांनी १९५० च्या दशकात आम्लाचं जेल केलं. अमेरिकेत गेट्स रबर कंपनीनं १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काचेच्या तंतूंच्या थरात आम्ल शोषून ठेवणारी बॅटरी आणली. त्यांना पाणी लागत नाही आणि त्यांना जादा चार्ज देऊही नये, कारण गेलेलं पाणी परत टाकता येत नाही. लिथियमच्या बॅटरीला तर जास्त चार्ज घातकच. पण सेल असमान होण्याचा प्रश्न तिथेही आहे. चाकण-आकुर्डीत बनणाऱ्या विजेवरच्या गाड्यांत प्रत्येक सेलचं व्होल्टेज मोजून ते सारखं करणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवलेलं असतं. वहीत आकडे लिहिणाऱ्या इलेक्ट्रिशियनचं काम आता त्या सर्किटकडे गेलं आहे.

पाणी टाकायची ट्यूब्युलर बॅटरी मात्र आजही लाखो घरांत आणि सौर संचांत आहे आणि तिला माणसाचीच गरज आहे. आधी बॅटरी पूर्ण भरावी, प्लेटा बुडतील एवढं डिस्टिल्ड वॉटर असावं, खिडकी उघडी असावी, घरचा भार तोडलेला असावा. मग १२ व्होल्टच्या बॅटरीला उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या, साधारण साडेपंधरा ते सोळा व्होल्टच्या आसपासच्या दाबानं कमी प्रवाह द्यावा. सेलांच्या ग्रॅव्हिटीत ३० अंकांपेक्षा जास्त फरक दिसला की ही वेळ आली असं समजावं. तासातासानं मोजून आकडे वाढायचे थांबले की थांबावं. बॅटरी ५० अंशांच्या जवळ तापली तर लगेच बंद करावं. अनेक सौर चार्ज कंट्रोलरमध्ये ही सोय आधीच असते, फक्त ती चालू केलेली नसते. ज्यांच्याकडे अशी बॅटरी आहे त्यांनी एक हायड्रोमीटर विकत घ्यावा, सहा सेलांचे सहा आकडे महिन्यातून एकदा तारखेसह वहीत लिहावेत आणि नवी बॅटरी घ्यायचा निर्णय ती वही पाहूनच करावा.